जाम घाटासाठी गिअर: राजेंद्रनगरातील एका सायकलस्वार महिलेचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील स्वार इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, एकोणपन्नास वर्षांच्या महिला आहेत. या लेखात त्यांचा उल्लेख ‘ताई’ असाच करतो. त्यांचे वजन ६६ किलो आहे. पाणी, पंक्चरचे सामान आणि खाऊ धरून सायकल सुमारे १४ किलो भरते, म्हणजे चढावर एकूण ८० किलो वर न्यावे लागतात. त्यांना इंदूरहून महू आणि जाम दरवाजामार्गे महेश्वरला जायचे होते, तेथे मुक्काम करायचा होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाटाने परत वर यायचे होते. जाताना अडचण नव्हती. अडचण परतीच्या चढाची होती, कारण त्याआधी जानापावच्या चढावर दोन वेळा त्यांचा उजवा गुडघा दुखून त्यांना उतरावे लागले होते.

सायकल नवी होती आणि चांगली होती. रविवारी सुपर कॉरिडॉरवर वेगाने चालवणाऱ्या मंडळींच्या सल्ल्याने घेतलेली ती आठ गिअरची रोड बाईक होती; पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रे), मागे ११ ते २८ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरील आठ दातेरी चक्रांचा संच) आणि २८ मिलिमीटरचे टायर. दुकानदाराकडे तक्रार नेली तेव्हा त्याने चेनला तेल दिले, ब्रेक तपासले आणि सांगितले, “मॅडम, गाडी तो बढ़िया है, पैर में दम लाओ.” त्याचे पहिले वाक्य खरे होते. दुसऱ्या वाक्यामुळे ताईंचे दोन महिने वाया गेले, कारण त्यांनी ते मनावर घेऊन रोज पहाटे जास्त जोर लावण्याचा सराव सुरू केला आणि गुडघा आणखी बिघडला.

माझ्याकडे येण्याआधी त्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन आल्या होत्या. हाडात किंवा अस्थिबंधात दोष नाही, चढावर वारंवार पडणाऱ्या ताणाने गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते, असे निदान होते. मी सर्वप्रथम सीटची उंची पाहिली, कारण सीट खाली असेल तर गुडघा नको तितका वाकतो आणि मग गिअरला दोष देण्यात अर्थ राहत नाही. पेडल सर्वांत खाली असताना पायाला जेवढी किंचित वाकण हवी तेवढी होती. सीट पुढे-मागेही योग्य होती. मग मी विचारले की नेमके काय होते. त्यांचे उत्तर मला निदानापेक्षा उपयोगी वाटले: “दादा, दम लागत नाही. बोलतसुद्धा असते मी. पण पेडल खाली जायलाच तयार नसते, आणि मग गुडघ्यात कळ येते.” दम न लागता पाय अडतो, याचा अर्थ शरीराची शक्ती शिल्लक आहे, परंतु ती देण्यासाठी प्रत्येक फेऱ्यात लावावा लागणारा जोर स्नायू आणि सांध्यांच्या आवाक्याबाहेर चालला आहे.

भूप्रदेशाचा विचार

इंदूर सपाट आहे असे इंदूरकर मानतात आणि राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत चालवणाऱ्यासाठी ते बरोबरही आहे. परंतु शहराच्या दक्षिणेचा प्रदेश तसा नाही. माळव्याचे पठार उत्तरेकडे उतरते; क्षिप्रा आणि चंबळ या दोन्ही नद्या विंध्याच्या दक्षिण कडेला उगम पावून उत्तरेकडे वाहतात, ही त्याची सर्वांत सोपी खूण आहे. चंबळेचा उगम मानला जाणारा जानापाव सुमारे ८५० मीटर उंचीवर आहे आणि इंदूर साधारण ५५० मीटरवर. त्यामुळे राजेंद्रनगराहून राऊ, महू असे दक्षिणेकडे निघाले की डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसणारा रस्ता सायकलस्वाराकडून हळूहळू उंची वसूल करत राहतो. पुढे जाम दरवाजापाशी, जेथे अहिल्याबाईंच्या काळातील ती दगडी वेस उभी आहे, पठार एकदम संपते आणि रस्ता निमाडात उतरतो. नर्मदेकाठचे महेश्वर इंदूरपेक्षाही जवळजवळ चारशे मीटर खाली आहे, आणि पठाराची कड इंदूरहून उंच असल्यामुळे परतीच्या वाटेवर चढायची उंची त्याहून अधिक होते. यातील मोठा हिस्सा एकट्या घाटात चढावा लागतो.

या भागातील जुन्या रेल्वेमार्गाशी तुलना केली तर घाटरस्त्याचा कस कळतो. पाताळपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा टप्पा चाळीसास एक, म्हणजे अडीच टक्के चढाचा आहे आणि आगगाडीच्या हिशोबात तो अत्यंत कठीण गणला जातो. सायकलस्वाराला अडीच टक्क्यांचा चढ एखादा गिअर कमी करण्यापुरताच जाणवतो. रस्त्याच्या घाटात मात्र सहा-आठ टक्क्यांना तोंड द्यावे लागते आणि वळणाच्या आतल्या बाजूने गेल्यास काही मीटर त्याहूनही तीव्र मिळतात. घाटाची सरासरी काढत बसण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही, कारण गुडघा सरासरीवर दुखत नाही, तो सर्वांत तीव्र तुकड्यावर दुखतो. म्हणून आम्ही सलग चढासाठी आठ टक्के आणि छोट्या तुकड्यांसाठी दहा टक्के असा निकष धरला.

स्वाराच्या शक्तीचे मापन

पॉवर मीटर महाग असतो आणि या कामासाठी त्याची गरजही नाही. उंची, वजन आणि वेळ या तीन गोष्टी माहीत असल्या की चढावरील शक्ती पुरेशी अचूक काढता येते. ताईंच्या सोसायटीतील एका मुलाकडे जुनी हायब्रिड सायकल होती, पुढे तीन चेनरिंग आणि सर्वांत हलक्या गिअरला पुढे २८, मागे २८ दाते. ती मागून आणली आणि जानापावच्या रस्त्यावरचा १५० मीटर उंची देणारा, सरासरी सात टक्क्यांचा सलग भाग त्यांना न थांबता, बोलता येईल इतक्याच दमाने चढायला सांगितला. १८ मिनिटे लागली. त्या जड सायकलीसह एकूण वजन ८२ किलो होते. ८२ ला ९.८१ ने आणि १५० ने गुणून १०८० सेकंदांनी भागले की ११२ वॅट येतात. ही केवळ उंची चढण्यासाठी लागलेली शक्ती झाली. टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि चेनमधील घट मिळून आणखी पंधराएक वॅट धरले की पेडलवर सुमारे १२७ वॅट पडतात. लांबच्या प्रवासात एवढी शक्ती शेवटपर्यंत टिकत नाही, म्हणून हिशोबासाठी १२० वॅट घेतले.

या चाचणीतून दुसरी एक गोष्ट निघाली आणि ती आकड्यापेक्षा महत्त्वाची होती. तोच चढ, तोच गुडघा, पण या वेळी तो दुखला नाही. हायब्रिडच्या एकास एक गिअरवर त्यांचे पाय मिनिटाला सुमारे ५५ फेरे फिरत होते. स्वतःच्या महागड्या सायकलीवर तोच चढ चढताना हा आकडा पंचेचाळीसच्या आसपास राहत असे. एवढ्या फरकाने दुखणे जात असेल तर उपाय कोठे शोधायचा हे स्पष्टच होते.

हिशोब

गिअरचे गुणोत्तर म्हणजे पुढच्या चेनरिंगचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक तेवढे फेरे फिरते. २८ मिलिमीटर टायरच्या चाकाचा परीघ साधारण २.१४ मीटर असतो. ताईंच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर ३४/२८, म्हणजे १.२१; पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर पुढे जाते. आता १२० वॅट शक्ती आणि ८० किलो वजन घेऊन आठ टक्के चढावर किती वेग मिळतो, हे पाहू. गुरुत्वाकर्षणाचा मागे ओढणारा जोर सुमारे ६३ न्यूटन, टायरच्या घर्षणाचा पाच आणि इतक्या कमी वेगाला हवेचा जेमतेम एक न्यूटन. चेनमधील घट वजा जाता उरलेल्या ११५ वॅटना या बेरजेने (पूर्णांक न करता ती सुमारे ६८ न्यूटन भरते) भागले की वेग सेकंदाला १.६९ मीटर, म्हणजे तासाला सहा किलोमीटर येतो. या वेगाला ३४/२८ वर पाय मिनिटाला फक्त ३९ फेरे फिरतात. दहा टक्क्यांच्या तुकड्यावर वेग पाच किलोमीटरवर येतो आणि फेरे ३२ वर.

३९ फेरे म्हणजे गुडघ्यासाठी काय, हेही काढता येते. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) १२० वॅट देताना ३९ फेऱ्यांना पेडलवरचा सरासरी जोर सुमारे १७३ न्यूटन लागतो आणि पुढे निवडलेल्या गिअरवर मिळणाऱ्या ५४ फेऱ्यांना १२५ न्यूटन. या सरासरीत पेडल वर-खाली असतानाचे रिकामे क्षणही धरलेले आहेत. पेडल समोर आडवे असते त्या क्षणी खरा जोर याच्या दुपटीच्या आसपास जातो. शक्ती तीच, दम तोच, घाटमाथ्यावर पोहोचण्याची वेळही तीच, परंतु प्रत्येक फेऱ्यातील जोर सव्वापटीहून जास्त की कमी, हे केवळ दात्यांवर ठरते.

येथे रोड बाईक बनवणाऱ्यांचा कल कोणाकडे असतो, हे लक्षात घ्यावे लागते. साठ किलोचा व्यावसायिक स्वार चढावर दर किलोमागे सहा वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. तो याच आठ टक्क्यांवर ताशी वीस किलोमीटरने चढेल आणि त्याच ३४/२८ वर त्याचे पाय १२८ फेरे फिरतील. म्हणजे हा गिअर त्याच्यासाठी नको तितका हलका ठरेल. ताईंची शक्ती दर किलोमागे १.८ वॅट आहे, आणि नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून दोन-तीनदा सायकल चालवणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी ती मुळीच वाईट नाही. एकच गिअर एकाला १२८ आणि दुसऱ्याला ३९ फेरे देत असेल, तर वेगवान मित्राच्या सायकलीवर काय लावले आहे हा प्रश्नच निरर्थक होतो. तरीही खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न. हलका गिअर म्हणजे दुबळेपणा ही समजूत जुनी आहे. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र) वापरण्यास १९३७ पर्यंत परवानगी नव्हती आणि स्पर्धेचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांचा अशा यंत्राला मुळातून विरोध होता. आज तेथील स्वारच पर्वतीय टप्प्यांवर मागे तीस आणि त्याहून अधिक दात्यांची चक्रे लावतात. आपल्याकडच्या गटांमधून मात्र ती जुनी ऐट अजून पुरती गेलेली नाही.

सराव वाढवून किंवा वजन उतरवून भागले असते का, हा आक्षेप ताईंच्या यजमानांनी घेतला आणि तो रास्त होता, म्हणून त्याचाही हिशोब केला. काही महिन्यांच्या सरावाने शक्ती १२० वरून १४० वॅटवर नेली, तर ३४/२८ वर आठ टक्क्यांना फेरे ३९ वरून ४५ होतात. तीन किलो वजन उतरवले तर वेग चार टक्क्यांनीही वाढत नाही. फेरे ३९ चे जेमतेम ४० होतात. सायकल एक किलोने हलकी करण्यासाठी लोक जे पैसे घालवतात त्याचे फळ तर याच्याही तिसऱ्या हिश्शाएवढे. १.२१ चे गुणोत्तर पुढे निवडलेल्या ०.८८ वर आणले की फेरे एका दुपारच्या कामात ३८ टक्क्यांनी वाढतात. सराव करावाच, पण तो दुखऱ्या गुडघ्याने करता येत नाही.

पर्याय आणि निवड

पहिला, सर्वांत स्वस्त पर्याय मागची कॅसेट ११-३४ ची लावण्याचा होता. ३४/३४ म्हणजे एकास एक. आठ टक्क्यांना ४७ फेरे. हायब्रिडच्या चाचणीत गुडघा ५५ फेऱ्यांना शांत होता, त्यामानाने हे अपुरे होते. शिवाय ताईंच्या सायकलीचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा (चेनची ढील ओढून धरणाऱ्या आखूड भुजेचा) होता आणि त्याची मर्यादा २८ दात्यांचीच होती. कॅसेट बदलायची म्हणजे डिरेलर बदलणे आलेच.

दुसरा पर्याय पुढे तीन चेनरिंगचा क्रँक बसवण्याचा. ४८/३६/२६ चा ट्रेकिंग क्रँक आणि मागे ३२ दाते घेतले तर सर्वांत हलका गिअर ०.८१ मिळतो, आठ टक्क्यांना ५८ फेरे. केवळ गुडघ्याचा विचार केला तर हाच सर्वोत्तम होता. परंतु डाव्या हाताचा शिफ्टर (गिअर बदलण्याचा खटका) दोनच चेनरिंगचा. तो, पुढचा डिरेलर, क्रँक, बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या आसाचे बेअरिंग) असे सारेच बदलावे लागले असते, आणि रोड बाईकच्या ब्रेकमध्येच बसवलेला शिफ्टर ही यातील सर्वांत महाग वस्तू असते. ताईंनी तो पर्याय बाजूला ठेवला. मला तो अजूनही मनातून आवडतो. तीन चेनरिंग बाजारातून हद्दपार होत आहेत त्या फॅशनमुळे, उपयोग संपला म्हणून नव्हे.

तिसरा पर्याय स्वीकारला गेला: पुढे ५०/३४ च्या जागी ४६/३० चा क्रँक, मागे ११-३४ ची कॅसेट आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर. सर्वांत हलका गिअर ३०/३४, म्हणजे ०.८८; आठ टक्क्यांना ५४ फेरे. दोन चेनरिंगमधील फरक सोळा दात्यांचाच राहिल्यामुळे पुढचा डिरेलर आणि शिफ्टर तसेच ठेवता आले. डिरेलर तेवढा काही मिलिमीटर खाली घ्यावा लागला. चेनची ढील सामावण्याची क्षमता मोजताना पुढचा फरक सोळा आणि मागचा तेवीस, मिळून ३९ दाते भरतात. नव्या डिरेलरची क्षमता किमान तेवढी असल्याची खात्री करून घेतली. आठ गिअरच्या शिमानो रोड शिफ्टरसोबत त्याच कंपनीचे नऊ गिअरपर्यंतचे माउंटन डिरेलरही चालतात, कारण दोन्हींची केबल ओढण्याची पद्धत एकच आहे. त्यामुळे भाग मिळवण्यास अडचण आली नाही. दहा गिअरपासून पुढे ही सोय गृहीत धरू नये.

निवडीत खरी चर्चा कॅसेटवर झाली. आठ गिअरच्या ११-३४ कॅसेटमध्ये प्रचलित रचना ११, १३, १५, १७, २०, २३, २६ आणि मग एकदम ३४ अशी असते. शेवटची उडी ३१ टक्क्यांची. ११-३२ मध्ये शेवटची तीन चक्रे २४, २८ आणि ३२ असतात आणि पावले अधिक सारखी पडतात. सामान्यतः मी ११-३२ सुचवतो. येथे तसे केले नाही, कारण परतीचा घाट लागेपर्यंत पाय आदल्या दिवसाच्या प्रवासाने थकलेले असणार होते. शक्ती १२० ऐवजी १०० वॅटवर आली तर आठ टक्क्यांना वेग ताशी पाच किलोमीटर होतो. ३०/३२ वर ४२ आणि ३०/३४ वर ४५ फेरे. फरक थोडा आहे, परंतु तो नेमका अडलेल्या ठिकाणी पडतो. ताशी पाच किलोमीटरच्या खाली सायकलीचा तोल डळमळू लागतो, तेव्हा याहून हलक्या गिअरचा त्यांना एरवीही फारसा लाभ नव्हता. दहा टक्क्यांच्या तुकड्यावर थकलेल्या अवस्थेत वेग चारच्या घरात जातो, म्हणजे चालण्याइतकाच. तेथे उतरून सायकल ढकलावी, हे आम्ही आधीच ठरवून टाकले.

या बदलात गमावले काय, याचीही नोंद आवश्यक आहे. जड गिअर ५०/११ वरून ४६/११ झाला. मिनिटाला ९० फेऱ्यांना पूर्वी ताशी ५२.५ किलोमीटर वेग मिळाला असता, आता ४८ मिळतो. ताई घाट उतरताना तिशीच्या वर जात नाहीत आणि त्यांनी जाऊही नये. उलट सपाटीवर अनपेक्षित फायदा झाला. त्यांचा शहरातील नेहमीचा वेग ताशी २२ किलोमीटर आणि आवडीचे फेरे पंचाहत्तर, यासाठी २.३ च्या आसपासचे गुणोत्तर लागते. नव्या रचनेत ते ४६/२० वर, म्हणजे कॅसेटच्या मध्यभागी, चेन जवळजवळ सरळ असताना मिळते. पूर्वी ५० च्या चेनरिंगवर त्यांना आतल्या २१ किंवा २४ च्या चक्रावर जावे लागे, चेन तिरपी चाले, कुरकुर होई, आणि राऊच्या पुढे किंचित चढ लागला की पुढची चेनरिंग बदलावी की मागचे चक्र, या घोळात चेन उतरत असे. महूपर्यंतचा तो फसवा चढ त्या आता बहुधा मोठ्या चेनरिंगवरच पार करतात.

जोडणीतील एक गफलत

काम शहरातील एका दुकानात दिले होते. सायकल घरी आली तेव्हा स्टँडवर चढवून मी मोठी चेनरिंग आणि मोठे चक्र अशी जोडी लावून पाहू लागलो, आणि शेवटचा गिअर पडण्याआधीच डिरेलरचा पिंजरा पुढे इतका ताणला गेला की हाताने पेडल फिरवताना खडखड जाणवली. चेन जुनीच ठेवली होती. पूर्वी मोठ्या-मोठ्या जोडीत दात्यांची बेरीज ५०+२८, म्हणजे ७८ होती. आता ४६+३४, म्हणजे ८०. पुढची चेनरिंग लहान झाली म्हणून चेन पुरेल असे कोणीतरी गृहीत धरले होते, परंतु मागचे चक्र त्याहून जास्त वाढले होते. रस्त्यावर चुकून ही जोडी पडली असती तर हँगर (डिरेलर अडकवण्याची पट्टी) वाकला असता, कदाचित डिरेलर स्पोकमध्ये गेला असता. नवी चेन घेतली, डिरेलरमधून न ओवता ती मोठ्या चेनरिंग आणि मोठ्या चक्राभोवती गुंडाळली, जेथे जुळते तेथून दोन कड्या जादा सोडून तोडली. मग हँगरजवळचा तो छोटा स्क्रू आत घेऊन वरची पुली ३४ च्या चक्रापासून थोडी दूर केली; लांब पिंजऱ्याच्या डिरेलरमध्ये हे केले नाही तर पुली चक्राला घासते आणि शेवटच्या गिअरला घरघर येते. मोठे-मोठे ही जोडी वापरायची नाही हे ताईंना सांगितलेच, पण थकलेला माणूस घाटात काय दाबेल याचा भरवसा नसतो, म्हणून चेन त्या जोडीलाही पुरली पाहिजे.

परिणाम

नव्या रचनेवर जानापावचा तोच भाग ताईंनी न थांबता चढला आणि वेळ हायब्रिडच्या वेळेपेक्षा किंचित कमी लागला. किंचितच, कारण शक्ती वाढली नव्हती, फक्त सायकल हलकी होती. गुडघा दुखला नाही. महेश्वरचा प्रवास जानेवारीत केला. परतताना मंडलेश्वर सोडून घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत ऊन चढले होते आणि समोरून गार, पण चिवट वारा होता. घाटात त्या दोन ठिकाणी थांबल्या, एका तीव्र वळणावर ठरल्याप्रमाणे उतरून चालल्या आणि जाम दरवाजाला पोहोचल्या.

तक्रार एक आली, आणि ती अपेक्षित होती. २६ वरून ३४ वर जाताना पाय एकदम मोकळे फिरतात आणि क्षणभर लय तुटते. उलट दिशेने, चढ थोडा सौम्य झाला म्हणून ३४ वरून २६ वर आले की पेडल अचानक जड होते. सहा टक्क्यांच्या आसपासचा चढ याच दोन चक्रांच्या मध्ये सापडतो: २६ वर फेरे ५३, ३४ वर ६९. ताईंनी यावर स्वतःच तोड काढली. अशा चढावर त्या ३४ वरच राहतात आणि पाय जरा भराभर फिरू देतात. ५३ पेक्षा ६९ गुडघ्याला सोसतात, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात मला बदल सुचवावासा वाटत नाही.

सध्या त्यांच्या मनात सामान बांधून सिमरोलमार्गे ओंकारेश्वरला जाण्याचे आहे. आठ किलो सामान वाढले तर याच गिअरवर आठ टक्क्यांना फेरे ५४ वरून ४९ वर येतात. ते पुन्हा ५४ वर न्यायचे तर पुढे २७ दात्यांची चेनरिंग हवी, आणि या क्रँकला तीसपेक्षा लहान बसत नाही. म्हणजे बाजूला ठेवलेला तीन चेनरिंगचा पर्याय परत विचारात घ्यावा लागेल, किंवा सामान बसने पुढे पाठवावे लागेल. ताईंचा कल तूर्त बसकडे आहे.